गुंडोपंत आणि घोड्यांची पोथी

गुंडोपंत आमच्या ग्रंथालयाचे कुणीच नव्हते. नोकर नव्हते, मंडळावर नव्हते, आणि सभासद म्हणावेत तर वर्गणीचा विषय निघाला की त्यांना नेमकं कुठंतरी जायचं असायचं. तरी साताऱ्यातल्या आमच्या त्या दोन खोल्यांच्या ग्रंथालयात हस्तलिखितं म्हणून जे काही होतं, त्यातलं निम्म्याहून अधिक त्यांच्या पिशवीतून आलेलं होतं. पिशवी सरकारी होती. लस आणि टोचायची हत्यारं ठेवायला सरकारनं ती दिली होती. गुंडोपंत पिशवीत पोथ्या ठेवत आणि लस कोटाच्या खिशात.

ते देवीडॉक्टर होते. गावोगाव हिंडून लहान मुलांच्या दंडावर देवी काढायच्या, ही त्यांची नोकरी. ते गावात शिरले की बातमी त्यांच्या आधी घरोघर पोचे आणि आया आपापली पोरं लपवायला धावत. कुणी माळ्यावर, कुणी धान्याच्या कणगीमागे, कुणी देवघरातल्या फडताळात. गुंडोपंत शांतपणे एकेक जागा धुंडाळत पोरं बाहेर काढत. या नोकरीत त्यांना एक शोध लागला होता. घरात पोर लपवायच्या जागा आणि जुन्या पोथ्या टाकून द्यायच्या जागा एकच असतात. पोराच्या तंगडीला धरून ओढताना पहिलं बाड त्यांच्या हाताला लागलं, आणि तिथून पुढं ते पोरापेक्षा पोराच्या मागं काय आहे ते आधी बघू लागले.

मी तेव्हा तिथं सहायक ग्रंथपाल होतो. मुख्य ग्रंथपाल नेमलेला नव्हता, त्यामुळे सगळं मीच होतो. माझ्या वर फक्त आमचे अध्यक्ष तात्यासाहेब वकील. तात्यासाहेबांना गुंडोपंतांनी आणलेल्या पोथ्या फार आवडत आणि गुंडोपंत अजिबात आवडत नसत.

गुंडोपंत दिसायला उंच, वाळके आणि किंचित पुढं झुकलेले. काळी टोपी उन्हानं तपकिरी झालेली. गळ्याशी बंद असा लांब कोट, आणि त्याला आतून स्वतः शिवलेले मोठमोठे खिसे. टाके असे वेडेवाकडे की पोरांच्या दंडावर यांचा हात कसा चालत असेल, याची काळजी वाटावी. लग्न केलेलं नव्हतं. का म्हणून विचारलं की म्हणत, "फिरतीची नोकरी." त्यांच्या खात्यातले बाकीचे सगळे फिरतीचे लोक बायकामुलांचे होते, हे कुणी बोलून दाखवत नसे. शहरात ते अगदी शुद्ध बोलत. जकात नाका ओलांडला की त्यांची बोली बदले आणि "काय रं गड्या, हाय का बरं" सुरू होई. मिरजेच्या खाली गेले की त्यात कानडी मिसळे. एकदा ते घाईघाईत आले आणि बोली बदलायची राहून गेली. तात्यासाहेबांना म्हणाले, "लय झ्याक बाड गावलंय बगा." तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला.

आणखी एक खोड म्हणजे शिंक. जुन्या कागदाचा वास आला की गुंडोपंत शिंकत. कागद जितका जुना तितकी शिंक मोठी. ज्या माणसानं आयुष्य पोथ्यांमागं घालवायचं ठरवलं त्यालाच हे व्हावं, याचं आम्हाला हसू येई. त्यांना मात्र त्याचा अभिमान होता. पोथीचा रुमाल सोडला आणि शिंक आली नाही तर ते नाराजीनं म्हणत, "अलीकडची दिसते."

मिळवायची त्यांची पद्धत साधी होती. "मी मागत नाही हो," ते मला सांगत. "मागितलं की लोकांना वाटतं, यात काहीतरी मोलाचं असणार. मी आपला बसतो." पोराला टोचून झालं की ते ओट्यावर बसत. पाणी मागत. मग गाईचं दूध, थोरल्या लेकीचं सासर, विहिरीचा झरा, अशा गोष्टी निघत. उठायचं नाव नाही. शेवटी घरधनीच कंटाळून म्हणे, "ते माळ्यावर कायतरी बाड पडलंय, बगतासा का?" विट्याचे एक गृहस्थ मद्रासला सोनं गाळायच्या दुकानावर निघाले होते. वळकटी बांधून तयार, आणि गुंडोपंत दारात बसलेले. मोटार चुकू नये म्हणून त्या बिचाऱ्यांनी घरातलं सगळं दप्तर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पळाले.

सांगलीच्या हळदीच्या एका व्यापाऱ्याकडून ते असंच एक जुनं दप्तर घेऊन आले. ते वखारीत पोत्यांच्या मागं पडलेलं होतं. कीड एका कागदाला लागलेली नव्हती, पण कागद, रुमाल, पिशवी आणि खुद्द गुंडोपंत टोपीपासून वहाणांपर्यंत पिवळेधमक झाले होते. तसेच ते साताऱ्याच्या मोटार-तळापासून ग्रंथालयापर्यंत चालत आले. तात्यासाहेबांनी त्यांना नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, "मुहूर्त कधीचा?" पुढचे कित्येक दिवस गावात लोक त्यांचं अभिनंदन करत होते. गुंडोपंतांनी नाही म्हणायचे कष्ट घेतले नाहीत. एका भाबड्या माणसानं आहेर म्हणून उपरणंही दिलं. ते त्यांनी एका ताडपत्राच्या पोथीला गुंडाळलं.

खोटं बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आमच्याकडं काचेचं एकच कपाट होतं आणि त्याची एक काच तडकलेली होती. गुंडोपंत पोथी देणाऱ्या प्रत्येक घराला सांगत, की तुमची पोथी काचेच्या कपाटात, अगदी दर्शनी, घराण्याच्या नावाची पाटी लावून ठेवली आहे. मग कधी ते लोक कोर्टाच्या कामाला साताऱ्यात आले की ग्रंथालयात डोकावत. मी पाट्या तयार करून खणात ठेवल्या होत्या. पाहुणा कोपऱ्यावर दिसला की आधीची पाटी काढायची आणि त्याची लावायची. एकदा कऱ्हाडचे आणि वाईचे असे दोन घरवाले एकदमच जिना चढून आले. मी दारात त्यांचं स्वागत करत राहिलो आणि गुंडोपंतांनी आत जाऊन दोघांच्या पाट्या एकाच कपाटात वरखाली लावल्या. ज्याची पाटी खाली गेली तो आजतागायत रागावलेला आहे.

पण हाच माणूस पोथीत काय लिहिलंय याबद्दल खोटं बोलत नसे. सांगलीकडच्या एका इनामदारांनी त्यांना घरचे कागद वाचायला बोलावलं होतं. आपल्या पूर्वजांना मोठी सनद मिळाल्याचा तो पुरावा आहे असं इनामदारांना वाटत होतं. गुंडोपंतांनी हो म्हटलं असतं तर सगळं दप्तर आमच्याकडं आलं असतं. त्यांनी सावकाश वाचलं आणि सांगितलं, "ही सनद नाही. आंब्याच्या झाडांवरून झालेलं भांडण आहे. त्यात आपले पूर्वज हरले." इनामदारांनी त्यांना चहासुद्धा दिला नाही.

तात्यासाहेब संतापले. "तुम्ही दिवसभर थापा मारता," ते म्हणाले, "एक आणखी मारायला काय झालं होतं?"

"पोराला टोचताना मी दुखत नाही म्हणून सांगतो," गुंडोपंत म्हणाले. "ते खोटं चार दिवसांत बरं होतं. कागदाबद्दल खोटं सांगितलं की ते कधीच बरं होत नाही."

मग ते रुसून चार-पाच दिवस ग्रंथालयात आले नाहीत. रुसणं हा त्यांचा आवडता उद्योग होता.

बेचाळीसनंतरचे ते दिवस खांद्यावर पिशवी घेऊन खेड्यापाड्यांतून एकट्यानं हिंडायचे नव्हते. सरकारविरुद्ध उठलेली पोरं उसात लपून असत आणि खबऱ्यांवर त्यांची नजर असे. गुंडोपंत भर दुपारी एका पाणंदीतून चालले होते. उसातून पाचसहा दांडगी पोरं बाहेर आली आणि त्यांना आत घेऊन गेली. कोण, कुठला, पिशवीत काय, असं विचारू लागली. पिशवीतून निघालं मोडी लिपीतलं एक बाड. पोरांपैकी कुणाला मोडी येत नव्हती, त्यामुळं संशय वाढला.

"मी देवीडॉक्टर हाय," गुंडोपंत म्हणाले.

"मंग लस कुटं हाय?"

"खिशात."

"लस खिशात अन् कागद पिशवीत? ह्ये कसलं डाक्टर?"

त्यावर गुंडोपंतांनी एकच उपाय केला. कोटाच्या बाह्या सारल्या, हत्यार काढलं आणि म्हणाले, "या, दंड म्होरं करा एकेकानं." पोरं एकमेकांकडं बघू लागली. मागं सरायची लाज वाटत होती. शेवटी सगळ्यांनी टोचून घेतलं. त्यांचा म्होरक्या, मिशीला पीळ देऊन उभा असलेला, सुई बघूनच खाली बसला आणि त्याला पाणी पाजावं लागलं. मग त्या पोरांनीच गुंडोपंतांना पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवलं. वाटेत एकानं सांगितलं की त्याच्या मामाच्या माळ्यावर असलंच एक बाड आहे. हे मला सांगताना गुंडोपंतांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, त्यात जिवावरचं संकट टळल्याचा भाग फार थोडा होता.

आता हौसाबाईंच्या पोथीचं सांगतो. गुंडोपंत म्हटले की मला तीच आठवते.

वडूजच्या पलीकडं माळरानावर एक गाव आहे. तिथं हौसाबाई नावाच्या एक वयस्कर बाई होत्या. नवरा मागंच गेलेला, थोडी कोरडवाहू जमीन आणि एकच मुलगा, दौलत. तो पलटणीत होता आणि लढाई लागल्यावर समुद्रापार गेला होता. त्यांच्या घरात भिंतीतल्या देवळीत लाल कापडात बांधलेली एक पोथी होती. पूर्वी कधीतरी गावच्या भटजींनी वरचं पान पाहून ही देवीची पोथी आहे असं सांगितलं होतं. तेव्हापासून कुणी ती सोडली नव्हती. रोज कुंकू वाहायचं आणि हात जोडायचे. दौलत लामावर, म्हणजे लढाईवर, गेल्यापासून हौसाबाई तिच्यापुढं दिवाही लावू लागल्या होत्या.

शेजारच्या घरचं पोर हौसाबाईंच्या कणगीमागं लपलं होतं, तेव्हा गुंडोपंतांना ती पोथी पहिल्यांदा दिसली. ते ओट्यावर बसले. पुढच्या फेरीलाही बसले. तिसऱ्या खेपेला हौसाबाई म्हणाल्या, "बगायची हाय व्हय तुमास्नी? देवळीत वाळवी शिरलीया म्हनं. बगा येकदा." त्यांनी पोथी पाटावर ठेवली, हात जोडले आणि गाठीला हात घातला. तेवढ्यात वास आला आणि गुंडोपंत शिंकले. साऱ्या घरात घुमेल अशी शिंक.

हौसाबाईंनी गाठ तशीच सोडली. "अपशकुन झाला," त्या म्हणाल्या. "आता न्हाई. फुडल्या टायमाला."

गुंडोपंत साताऱ्यात आले ते एकाच वेळी दुःखी आणि आनंदी होते. पोथी मिळाली नव्हती, पण इतकी मोठी शिंक त्यांना जन्मात आली नव्हती.

पुढच्या वेळी तात्यासाहेबांनी मला बरोबर धाडलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती पोथी काय वाटेल ती असो. ती आपल्या कपाटात येईपर्यंत या माणसाला वाचून दाखवू देऊ नका. वाचायला लागलेच तर पायावर पाय द्या."

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. हौसाबाईंची सून जात्यावर बसली होती. गुंडोपंतांनी नाकात कापसाचे बोळे घातले होते, त्यामुळे ते गेंगाण्या आवाजात बोलत होते. हौसाबाईंनी पोथी सोडली. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, मजकूर शाबूत होता. वर श्रीगणेशाय नमः होतं. भटजी तिथंच थांबले असणार. गुंडोपंतांनी दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं, मधलं एक काढलं. त्यांचे डोळे चमकायला लागले.

"कंच्या देवीची हाय, डाक्टर?" हौसाबाईंनी विचारलं.

मी त्यांच्या पायावर पाय ठेवला. त्यांनी पाय काढून घेतला.

"मावशी," ते म्हणाले, "ही देवीची न्हाई. घोड्यांची हाय."

जातं थांबलं.

"घोड्याला काय रोग हुतो, कशानं हुतो, अन् त्यावर काय औषध द्यायचं, त्ये सगळं लिवलंय. लय जुनी हाय. लय मोलाची हाय. पन देवीची न्हाई."

हौसाबाई पानांकडं बघत राहिल्या. पानांवर लाल कापडातून झिरपलेल्या कुंकवाचे डाग होते. मला वाटलं, आता ही बाई रडेल किंवा आम्हाला हाकलून देईल. सून दारात येऊन उभी राहिली होती.

हौसाबाई एका डागावरून बोट फिरवत म्हणाल्या, "जनावरं बरी करायची इद्या हाय म्हना की."

"व्हय."

"आमच्या सासऱ्याचा आजा घोडी राखायचा, आसं म्हनायचे. त्याचीच आसंल." मग त्यांनी विचारलं, "खेचरांचं हाय का त्यात काय?"

गुंडोपंतांना कळेना. सुनेनं नवऱ्याचं सांगितलं, "त्यांस्नी खेचरांच्या कंपनीत घातलंय. डोंगरात मोटार जात न्हाई, तितं दानागोटा खेचरावरनं न्हेत्यात. धाडलेल्या कागदात खेचरांचंच आसतं समदं."

"खेचराचं येगळं न्हाई," गुंडोपंत म्हणाले. "पन खेचर म्हंजी अर्धं घोडंच की."

"मंग अर्धं तरी लिवून द्या," हौसाबाई म्हणाल्या.

गुंडोपंतांनी कोट काढून ठेवला आणि लिहायला बसले. दौलत चौथी शिकलेला होता, म्हणून सोप्या शब्दांत. पोटशूळ, खोकला, खुराला जखम, पाठीवर खोगीर लागून झालेलं. ओवा, हिंग, गूळ, लसूण, हळद. परदेशात जे मिळणार नाही असं वाटलं ते त्यांनी गाळलं, आणि मग वाटलं मिळेलही, म्हणून पुन्हा घातलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा पत्र पुरं झालं. हौसाबाईंनी पोथी पुन्हा लाल कापडात बांधली.

"ही हितंच ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "दौलत येईस्तवर हलायची न्हाई. तवर तुमी येत जा, अन् म्होरलं वाचून दावा."

परतीच्या वाटेवर मी गुंडोपंतांवर चिडलो. ते नाकातले बोळे काढत म्हणाले, "पुढच्या वेळी पाय जोरात द्या."

तेव्हापासून त्या भागात देवी काढायला गेले की ते हौसाबाईंकडं जात, वाळवी बघत, कडुलिंबाचा पाला बदलत आणि चार पानं वाचून दाखवत. हौसाबाईंना सगळं एकदा ऐकून पाठ होई. हळूहळू गावातले लोक त्यांच्याकडं आजारी बैल घेऊन येऊ लागले. घोड्याची औषधं त्या अंदाजानं बैलाला देत. बैल बरे होत, निदान मरत नसत. तात्यासाहेबांना हे कळलं तेव्हा ते मला म्हणाले, "पोथी आणायला गेलात आणि दवाखाना काढून आलात."

मग एका वर्षी दौलतची पत्रं यायची थांबली. आधी महिना गेला, मग पावसाळा गेला. गुंडोपंतांनी त्या गावाला जायचं टाळलं. नोकरी होती म्हणून आजूबाजूच्या गावांना जात, तिथं नाही. एका दुपारी ते ग्रंथालयात खिडकीशी बसले होते. रुसलेले नव्हते. रुसलेले असले की ओळखू यायचं.

"मी देवीची पोथी म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं हो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही तसं म्हणाला असता तर दौलतचं पत्र आलं असतं असं वाटतं तुम्हाला?"

"पत्राचं नाही. ती रोज दिवा लावत होती. आता पत्रंही थांबल्यावर कुणापुढं लावत असेल?"

 दुसऱ्या दिवशी ते तिकडं गेले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. हौसाबाई त्यांना पाहून म्हणाल्या, "आवं डाक्टर, कुटं हुता इतकं दिस? थोडीच पानं ऱ्हायलीत की." देवळीत दिवा होता. घोड्यांच्या औषधांपुढं तो तसाच लागत होता.

राहिलेली पानं खरोखरच थोडी होती. दौलत येईपर्यंत पोथी हलायची नाही असं ठरलं होतं, आणि पोथी संपली तर काय, हे कुणी बोललं नव्हतं. गुंडोपंतांनी शेवटून दुसरं पान धरलं आणि त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला तेच पान वाचलं. घोड्याच्या डोळ्यांतून पाणी येतं त्यावरचं. हौसाबाईंना ते पहिल्या वेळीच पाठ झालं असणार. त्यांनी दर वेळी ते नव्यानं ऐकलं आणि मान डोलावली. पोथीच्या बाबतीत गुंडोपंत खोटं वागले ते एवढंच.

लढाई संपल्यावर काही महिन्यांनी एका सकाळी हौसाबाई ग्रंथालयाचा जिना चढून आल्या. मागं खाकी पैरणीतला, रापलेला, थोडा लंगडणारा माणूस. तो दौलत. जखमी होऊन तो परक्या मुलखातल्या इस्पितळात पडून होता आणि पत्रं कुठंतरी अडकली होती. तो आमच्या बाकावर बसला आणि गुंडोपंतांकडं पाहून हसायला लागला.

"तुमीच का त्यो कागद लिवणारे? लय आफत केली हुती तुमी."

टपाल तपासणाऱ्या साहेबाला ते पत्र सापडलं होतं. ओवा किती, हिंग किती, कुठल्या पायाला काय लावायचं. ही शत्रूची सांकेतिक भाषा असणार असं त्याला वाटलं. दौलतला उभं करून त्यानं विचारलं, हिंग म्हणजे कोण. शेवटी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं दुभाष्याकडून पत्र ऐकलं, हसला आणि म्हणाला, लसूण-गुळाचं करून बघ. दौलतनं खोकणाऱ्या एका खेचराला ते दिलं. लसूण तिथं भरपूर मिळत होता.

"मग?" गुंडोपंतांनी पुढं सरकून विचारलं.

"खोकला ग्येला. पन तोंडाचा वास आसा यायचा की दुसरी खेचरं त्याच्याजवळ हुबी ऱ्हाईनात."

हौसाबाईंनी तोवर टेबलावर पोथी ठेवली होती. "पोरगं आलं," त्या म्हणाल्या. "हिनं लय राखन केली. आता हितं चार लोकांच्या कामी येऊ द्या. पन दसऱ्याला घरी यायला पायजे. पूजा झाली की न्या माघारी."

तात्यासाहेब त्यांच्याशी गोड बोलले आणि त्या गेल्यावर म्हणाले, "हे जमायचं नाही. एकदा दाखल झालेलं हस्तलिखित बाहेर जात नाही. नियम आहे."

गुंडोपंतांनी वाद घातला नाही. ते तात्यासाहेबांच्या घरी गेले आणि बाहेरच्या खोलीत बसले. तात्यासाहेबांचे पक्षकार येत-जात होते. गुंडोपंत त्या सगळ्यांशी विहिरी, लेकी आणि गाई यांबद्दल बोलत होते. संध्याकाळपर्यंत एका पक्षकारानं वाटणीचा दावा काढून घ्यायचं ठरवलं, कारण भावाशी जमवून घ्यायला गुंडोपंतांनी त्याला पटवलं होतं. तात्यासाहेबांनी त्याच दिवशी लेखी परवानगी दिली. पुढं दर दसऱ्याला ती पोथी रजेवर जाई. गुंडोपंत तिला वडूजच्या मोटारीत मांडीवर घेऊन बसत आणि दोन दिवसांनी परत आणत. वर नवं कुंकू असे आणि गुंडोपंतांच्या खिशात हौसाबाईंनी दिलेल्या शेंगा.

नोकरी संपल्यावर त्यांचे डोळे अधू झाले. मोतीबिंदू काढायला ते मिरजेच्या इस्पितळात दाखल झाले. मी भेटायला गेलो. ती आमची शेवटची भेट. त्यांचे डोळे पुढं बरे झाले आणि ते अथणीकडं बहिणीच्या घरी राहायला गेले असं कळलं. तिकडून त्यांची दोन पत्रं आली. दोन्हींत कानडी मुलुखातल्या पोथ्यांबद्दलच लिहिलेलं होतं. मग तीही थांबली.

त्या भेटीच्या दिवशी इस्पितळाच्या लांबच लांब खोलीत ओळीनं खाटा होत्या आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. गुंडोपंत कसे ओळखायचे, असा मला प्रश्न पडला होता. पण दारातूनच त्यांचा आवाज ऐकू आला. उताणे झोपून ते शेजारच्या खाटेवरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारत होते, घर किती जुनं, आजोबा काय करत, देवघराच्या वर माळा आहे का. म्हातारा सावकाश सांगत होता. माळ्यावर एक लाकडी पेटी होती आणि तिची किल्ली हरवलेली होती.

मी खाटेच्या कडेला बसलो. गुंडोपंतांनी माझा हात चाचपून पाहिला आणि मी कोण ते ओळखलं. प्रकृतीबद्दल त्यांनी मला बोलूच दिलं नाही. मला खाली वाकायला लावलं आणि कुजबुजले, "जरा त्याचं तोंड बघा हो. मला दिसत नाही. देईल असं वाटतं का?"

मी शेजारी पाहिलं. डोळ्यांना पट्टी असली तरी म्हाताऱ्याच्या कानांना काही झालेलं नव्हतं. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि तो बिनदातांच्या तोंडानं हसत होता.

"देईल," मी म्हणालो.

"मग हळू बोला," गुंडोपंत म्हणाले, आणि त्यांनी हातानं मला थोडं बाजूला सरकवलं, कारण मी त्या दोघांच्या मधे आलो होतो.